दुरुस्तीवर नाव कोणाचं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोथरूडच्या ऑफिसातल्या आमच्या मॅडमचे. कमीत कमी गाड्यांत सगळी मुलं शाळेत कशी पोहोचवायची, असली गणितं सोडवणारं, कुणीही दुरुस्ती सुचवू शकेल असं खुलं, मोफत सॉफ्टवेअर त्या सांभाळतात. नवख्यालाही ‘अहो’ म्हणतात आणि उत्तर हाताने पडताळून घेतात.

“अहो, उत्तर आलं म्हणजे बरोबरच आलं, असं तुमच्या शाळेत शिकवायचे का?”

त्या सॉफ्टवेअरमधली एक चूक मी दुरुस्त केली आणि भीतीने त्यांच्याच नावाने पाठवायला दिली. त्यांनी ती परत केली.

“तुमचं नाव घाला. जगभरचे लोक खुसपटं काढतील, त्यांना उत्तरंही तुम्हीच द्या.”

दुरुस्ती स्वीकारली गेली, तेव्हा मी त्यांना लिहिलं:

“मॅडम, नव्या आवृत्तीत माझं नाव आलं. गावी वडिलांना मोबाईलवर दाखवलं. ते म्हणाले, ‘बाईंचं कुठंय?’ तपासणाऱ्यांमध्ये तुमचं नाव दाखवल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.”