विमानाचा कान

१९४६ च्या थंडीत माधवनगरच्या एका गिरणीचे मालक मुंबईहून विमानानं हैदराबादेस जायचे होते. ऐन वेळी त्यांना ताप भरला, म्हणून कापडाचे नमुने घेऊन त्यांचा कारकून शरच्चंद्र गेला. सांगलीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा हा गृहस्थ मुंबईसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा पाहत होता. परत आला तो उजव्या कानात कापूस घालून.

"कानाला काय झालं?" त्याच्या बायकोनं, चारुशीलेनं, दारातच विचारलं.

"विमान!" तो ओरडला. दडा बसलेला माणूस ओरडूनच बोलतो, पण हे ओरडणं चार घरांना ऐकू जावं असं होतं.

गेलंही. संध्याकाळपासून माणसं कान बघायला येऊ लागली. शरच्चंद्र पाटावर बसून मान तिरकी करी आणि ढगांतून सुरुवात करी. खिशातून एक पेपरमिंटची गोळी काढून दाखवी. विमान उतरताना सगळ्यांना वाटली होती; बाकीच्यांनी चघळली, यानं सांगलीत दाखवायला राखून ठेवली. सर्दीनं नाक चोंदलेलं असताना भीतीनं डोळे घट्ट मिटून, कानांत कापूस कोंबून हा बसला होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. चारुशीलेला ते न सांगता कळलं. पंधरा वर्षांचा संसार होता.

डावा कान दोन-तीन दिवसांत जांभई देता देता फट्कन मोकळा झाला. उजवा बंदच राहिला आणि शरच्चंद्राला त्याचं काही वाईट वाटेना. मोकळ्या कानाकडे कोण बघतो? चारुशीला मनातलं बोलायला त्याच्या उजव्या बाजूला उभी राहू लागली. "मिरवा," ती चहा ठेवता ठेवता हळूच म्हणे, "आता कानाला आरतीच ओवाळते." तो हसून मान डोलावी.

शेजारच्या नानासोंना मात्र चैन पडेना. ते मूळचे उंब्रजचे, गिरणीतच कामाला.

"आवं शरदराव, कानात जाळं धरलंय. वयनी, तुमचा केसातला आकडा द्या बगू. जरा खरवडतो."

"आकडा केसांत घालायचा असतो," चारुशीला म्हणाली.

"आमच्या गावात लय जणांचं कान काढल्यात मी."

"काढले असतील. ऐकू किती जणांना येतं?"

पण ती आत वळली तशी नानासोंनी खिशातली काडी काढली आणि शरच्चंद्रानं, बघणारे चार जण आहेत म्हणून, मोठ्या ऐटीनं कान पुढे केला. किंकाळी ऐकून ती बाहेर आली. काडीच्या टोकाला रक्त होतं. नानासो म्हणत होते, "न्हाई, जाळंच व्हतं."

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला टांग्यात घालून गंगाधर डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कानात उजेड पाडून पाहिलं.

"गोळी चघळता चघळता थुंकी गिळावी म्हणून देतात," ते म्हणाले. "गिळलं, जांभई दिली की कानातला दाब सारखा होतो. आणि सर्दीत विमानात बसूच नये. पण तो दडा केव्हाच गेला असेल. हा मळ आहे. कापूस कोंबून तुम्हीच आत दाबलात."

"म्हणजे विमानाचा नाही?" शरच्चंद्रानं विचारलं. त्याचा चेहरा पडला.

"सांगलीचाच. जुना."

ओरखडा बरा होईपर्यंत काहीच घालायचं नव्हतं. पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि मगच खोबरेल कोमट करून दोन-दोन थेंब सोडायला सांगितले. चार दिवसांनी त्यांनी कोमट पाण्याची पिचकारी हलक्या हातानं मारली. मळाचा काळा खडा वाटीत पडला.

परतताना टांग्यात चारुशीला सवयीनं त्याच्या उजवीकडे बसली. "ढगांतून आणलं काय," ती पुटपुटली, "तर मळ!"

"ऐकू येतंय मला," तो म्हणाला.

त्यानं उजवा कान बोटानं मिटून, उघडून पाहिला.

"रोज असं बोलत होतीस?"

"रोज."

तो चिडला नाही. घोड्याच्या पाठीकडे बघत राहिला. तिलाही शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. फक्त त्याच्या मांडीवरची शाल तिनं नीट केली. घरी नानासो वाटच पाहत होते. "काय निगालं?" त्यांनी विचारलं. शरच्चंद्रानं ढगांसाठी तोंड उघडलं, पण सांगितलं एवढंच, "मळ."

पुढच्या वर्षी मालकांनी पुन्हा विमानाचं तिकीट काढायचं म्हटलं, तेव्हा तो शिंकत होता. "सर्दी गेल्यावर जाईन, नाहीतर आगगाडीनं," तो त्यांना तोंडावर म्हणाला. मालक गाडीवर राजी झाले.

हे ऐकून चारुशीलेनं ओवा घालून वाफाऱ्याला पाणी ठेवलं. शाबासकी मात्र दिली नाही.