दोन ‘सर’ आणि एक अल्टरनेटर

चिखलीच्या बसस्टँडमागे गाड्यांचं वायरिंग करणारा एक मिस्त्री आहे. मी शाळामास्तर, म्हणून तो प्रत्येक वाक्यात मला दोनदा ‘सर’ म्हणतो. ‘‘सर, आज काऊन येनं केलं सर?’’ त्याच्या दुकानातही मला शाळा सुटल्यासारखं वाटत नाही.

वडिलांच्या जुन्या मोटारीचे दिवे गाडी उभी राहिली की मिणमिणायचे. म्हणून त्यानं डायनमो उतरवून, गाडी उभी असतानाही पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर बसवला. नट आवळला की त्यावर टिचकी मारून कान लावायचा, ही त्याची सवय. शेवटी गाडी सुरू केली. डायनमो होता तेव्हा चार्जिंग होतंय का ते बघायला वडील चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढायचे. मीही सवयीनं हात घातला.

‘‘हात काढ बे! अल्टरनेटर जळून जाते ना!’’

मी हात मागे घेतला. मग जीभ चावून तो म्हणाला, ‘‘सर, तुमाले नाही म्हटलं सर. हाताले म्हटलं.’’

हसू आवरत मी दिवे लावले. उभ्या गाडीत लख्ख उजेड! टाळी आधी त्यानंच वाजवली.

आता काम नसलं तरी मी तिकडे जातो. गाडी चालू ठेवून बॉनेट उघडतो, आणि मुद्दाम बॅटरीकडे हात नेतो.