बेटावरची जागा

रुमियातीला तिच्या नणंदेचं अभ्यास करणं बघवत नसे. अभ्यास करणं म्हणजे काय, तर पोटावर पालथं पडायचं, पाय हवेत हलवायचे, एका हाताने मोबाइलवर प्रश्न सोडवायचे आणि दुसऱ्या हाताने क्रुपुकचे कुरकुरीत तुकडे तोंडात टाकायचे. एवढं करून ही बया सराव परीक्षेत चारशेतीसच्या खाली यायची नाही. आणि रुमियाती? पहाटे उठून, भात लावून, ताठ बसून, वहीत चार रंगांच्या पेनांनी लिहून लिहून बोटाला घट्टा पडलेला, तरी गुण तीनशेसत्तर. जीव जळेल नाहीतर काय होईल!

अकरा वर्षं ती जेपारा या किनाऱ्यावरच्या शहरातल्या एका कचेरीत कंत्राटी कारकून होती. दाखल्यांवर शिक्के मारायचे, फायली लावायच्या, साहेबांची सभा असली की चहा सांगायचा. कायम नोकरीवाल्यांना खाकी गणवेश आणि छातीवर नावाची पट्टी, हिला पांढरा ब्लाउज आणि काळा घागरा. काल चिकटलेली पोरं खाकी घालून येत आणि हिलाच ‘बु’, म्हणजे बाई, म्हणून विचारत, ‘बु रुमी, ही फाइल कुठे लावायची?’ ही सांगायची. मनातल्या मनात चार शिव्या घालायची आणि सांगायची.

सरकारी भरतीची परीक्षा तिने तीनदा दिली होती. गेल्या खेपेला तर गणिताच्या भागात एका प्रश्नाने राहिली. एका! आता हे चौथं आणि शेवटचं, कारण येत्या मार्चमध्ये तिला पस्तीस पूर्ण होणार होती आणि पस्तिशीनंतर फॉर्मच भरता येत नाही. या वर्षी झालं तर झालं, नाहीतर जन्मभर शिक्के.

आणि नेमकं याच वर्षी युनिआर कॉलेज संपवून घरी आली. रुमियातीचा नवरा तिक्नो लाकडावर नक्षी कोरणारा, शांत माणूस. त्याची ही शेंडेफळ बहीण, तेवीस वर्षांची. सासूबाईंचा, म्हणजे सारिपाबाईंचा, जीव तिच्यात अडकलेला. पोरगी अभ्यासाला बसली की म्हातारी आल्याचं गरम पाणी घेऊन हजर.

‘पी गं, डोकं शिणलं असेल.’

शिणलं असेल! पालथं पडून! आणि त्याच ओसरीत, तीन हातांवर, सून वहीत डोकं घालून बसलेली असायची. म्हातारी तिच्याकडे बघून म्हणायची, ‘रुमी, भात उतरवलास का?’

आता या भरतीची एक गंमत आहे. जागांची यादी निघते एकशेवीस पानांची, पण एका माणसाला एकाच जागेसाठी अर्ज करता येतो, आणि एकदा पाठवला की देवाला विचारूनही बदलता येत नाही. त्यामुळे त्या पंधरा दिवसांत जेपाऱ्यात कोणी कोणाला खरं सांगत नाही. शेजारी शेजाऱ्याला सांगत नाही, मैत्रीण मैत्रिणीला सांगत नाही. रुमियातीच्या कचेरीतला हर्योनो कुराणावर हात ठेवायला तयार होता की त्याने आरोग्य खात्यात अर्ज केलाय. त्याने केला होता मत्स्य खात्यात. कोणाला राग येत नाही, सगळेच तसे. ज्याला हे कळत नाही असा जेपाऱ्यात एकच प्राणी होता, आणि तो रुमियातीच्या ओसरीत क्रुपुक खात होता.

‘वहिनी, कुठली जागा भरू गं मी?’ एका संध्याकाळी युनीने विचारलं.

‘तुझं तू बघ ना. शिकलेली आहेस.’

‘एकशेवीस पानं कोण वाचणार! तू कुठली भरतेयस?’ आणि उत्तराची वाट न बघता ती रुमियातीच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावली. ‘अय्या, शहरातल्या दप्तरखान्याची? इथनं दहा मिनिटं! मला पण चालतंय की. मी पण तीच भरते. दोघी एकाच स्कूटरवर जाऊ.’

जागा एक होती. एक! आणि ही तिच्यावर दोघींना बसवत होती. रुमियातीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिने अर्ज केला तर संपलंच, आपण कसल्या हिच्यापुढे टिकतोय. ही पालथी पडल्या पडल्या ती जागा उचलून नेईल, वर म्हणेल, वहिनी, तुझं पण होईल हं पुढच्या वेळी. पुढची वेळ कुठली?

‘वेडी आहेस का?’ रुमियाती म्हणाली. आवाज इतका साधा निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. ‘तिथे चारशे अर्ज आलेत. कचेरीत आतल्या लोकांनी सांगितलं.’

‘बाप रे! मग तू का भरतेयस?’

‘माझं सवयीचं काम आहे, माझं सोड. तू कारिमुनची भर. बेटावरची. तेच काम, तेच पेपर, आणि तिकडे अर्ज करायला कुत्रं फिरकत नाही. घरबसल्या लागशील.’

‘पण बेट गं? बोटीने चार-पाच तास.’

‘दोन वर्षांत बदली करून घेशील. सगळे करतात.’

बदली होत नाही. लागलेल्याला दहा वर्षं हलता येत नाही, आणि तशी सही फॉर्मसोबतच्या कागदावर घेतात. रुमियातीला तो कागद तोंडपाठ होता. अकरा वर्षं असलेच कागद लावले होते तिने.

युनीने तिच्याकडे बघितलं आणि हसली. ‘तू सांगतेस म्हणजे बरोबरच असणार.’ कागदावर न वाचता सही ठोकली आणि तिथेच, रुमियातीच्या समोर, अर्ज पाठवून दिला. रुमियातीचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

परीक्षा दोघींची एकाच दिवशी, एकाच सभागृहात. सगळ्या पोरी पांढऱ्या-काळ्यात, कानात-हातात काही नाही. बाहेर मांडवात घरच्यांसाठी मोठा पडदा लावलेला. आत पोरं संगणकावर उत्तरं देतात आणि बाहेर त्यांची नावं गुणांसकट वर-खाली सरकतात. पोरापोरींचे आई-बाप ते बघत देवाचं नाव घेत बसतात. सारिपाबाईही बसल्या होत्या, खाली चटई टाकून.

रुमियातीने शेवटचं बटण दाबलं आणि समोर आकडे आले. तीनशेअठ्ठ्याण्णव. प्रत्येक भागात पास! तिने तोंडावर हात दाबला, नाहीतर आतच किंचाळली असती. धावत मांडवात आली. सासूबाई उभ्या राहून ओरडत होत्या, ‘चारशेएकतीस! आमची युनी! अगं बघा, सगळ्यात वर!’

‘आई, मी पण पास झाले.’

‘हो का? बरं झालं गं. ती बघ, अजून वरच आहे!’

रुमियाती पडद्याकडे बघत राहिली. तेहतीस गुण. तेहतीस गुणांनी ती मागे होती. बरं झालं आपण खोटं बोललो, तिने स्वतःला ठणकावलं. नाहीतर आज इथेच हात चोळत बसलो असतो.

दहा दिवसांनी यादी लागली. रुमियातीने ती कचेरीत, फायलींच्या कपाटाआड उभं राहून उघडली. शहरातल्या जागेला एकूण उमेदवार अडतीस. पहिली कुणी शेजारच्या कुदुस गावची बाई, चारशेनऊ. दुसरी रुमियाती.

बेटाच्या जागेला उमेदवार तीन. पहिली युनिआर, चारशेएकतीस. दुसऱ्याला तीनशेबेचाळीस.

तिने ते पुन्हा वाचलं. मग एक आकडा इकडून तिकडे नेला, एक तिकडून इकडे आणला. युनी शहराच्या जागेला असती तर चारशेनऊवालीला मागे टाकून घरापासून दहा मिनिटांवर लागली असती. आणि रुमियातीने बेट भरलं असतं तर तीनशेअठ्ठ्याण्णव तिथे डोळे मिटून पहिले होते. दोघींचं झालं असतं. दोघींचं! तेच काम, तेच पेपर, कुत्रं फिरकत नाही, हे तिनेच तर म्हटलं होतं. नणंदेला लांब लोटायच्या नादात स्वतःसाठी तो विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता. आपल्या हाताने जो खड्डा खणला त्यात पाणी लागलं, आणि ते दुसरीच प्यायली.

वरच्या नंबरांची दुसऱ्या फेरीची परीक्षा झाली, तिच्यातही क्रम हलला नाही. कुदुसची बाई लागली. युनी लागली. मार्च आला आणि गेला.

सारिपाबाईंनी शुक्रवारच्या नमाजानंतर मोहल्ला जेवायला बोलावला. पिवळ्या भाताचा हा एवढा डोंगर रचला, भोवती सोयाबीनचं तेंपे, अंडी, तळलेले मासे. रीत अशी की ज्याचं भलं झालंय त्याने भाताचं टोक कापायचं आणि ज्याचे उपकार सगळ्यात मोठे त्याला द्यायचं. सगळ्यांच्या माना म्हातारीकडे वळल्या. म्हातारीनेही ओढणी सारखी केली.

युनीने टोक कापलं, वर अंडं ठेवलं आणि ताटली घेऊन थेट रुमियातीपुढे उभी राहिली.

‘वहिनीने सांगितलं नसतं तर मी बेटाची जागा भरलीच नसती,’ ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. ‘हिने सोपी जागा मला दिली आणि अवघड स्वतः घेतली.’

बायकांच्या डोळ्यांत पाणी. ‘बु सारिपा, सून नाही, रत्न आहे हो!’ कोणीतरी म्हणालं. आणि आश्चर्य बघा, सासूबाईंनी मान डोलावली. लग्नाच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रुमियातीच्या पाठीवरून हात फिरवला. ‘खा गं. तुझ्यामुळेच झालं.’

रुमियातीने खाल्लं. सगळे बघत होते, काय करणार? पण खरं सांगू, त्यातही तिला राग युनीचाच येत होता. इतकं बावळट कोणी असावं? इतकं चांगलं कोणी असावं?

दुपारी पाहुणे पांगले. युनीला नोकरीचे पुढचे कागद भरायचे होते आणि त्यात यादीतला आपला अनुक्रमांक घालायचा होता. म्हणून तिने ती यादी जन्मात पहिल्यांदा उघडली. रुमियाती मागच्या दारी, नळाखाली भाताचं पातेलं घासत होती. बऱ्याच वेळाने दारात सावली पडली.

‘अडतीस जणच होते, वहिनी.’

रुमियातीचा हात थांबला. ‘हो.’

‘तू चारशे म्हणालीस.’

‘हो.’

‘आणि ही दहा वर्षांची सही? पश्चिमेचा वारा सुटला की पंधरा-पंधरा दिवस बोट नसते तिथे. आईचं काही झालं तर मी यायचं कशी? माघार घेतली तर पुढच्या दोन भरत्यांना बंदी. मी वाचलं सगळं आत्ता.’

‘आता वाचलंस होय!’ रुमियाती फिस्कारली. हात राखेने भरलेले, तशीच उठून उभी राहिली. ‘तेव्हा वाचायचं होतं. मला सगळं माहीत होतं. बघवत नव्हतीस तू मला, कळलं? अकरा वर्षं मी शिक्के मारले, डोळे फोडून अभ्यास केला, आणि तू पालथी पडून माझी जागा न्यायला निघालीस. एकच जागा होती ती. एकच! जा, सांग तुझ्या आईला. सांग मोहल्ल्याला. तो भाताचा गोळा अजून इथे अडकलाय माझ्या.’

युनी ओरडली नाही. तिचा चेहरा पहिल्यांदा वयाने मोठा दिसला.

‘एकच जागा आहे हे मला कुठे माहीत होतं, वहिनी? तू नुसतं म्हणायचंस. युनी, जागा एक आहे, माझं शेवटचं वर्ष आहे, तू दुसरीकडे बघ. मी बघितलं असतं. मला अजून बारा वर्षं आहेत.’

रुमियातीला पटलं, हिने खरंच तसं केलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणावं असं तिला सुचलंही नव्हतं.

‘युनी!’ ओसरीवरून सारिपाबाईंची हाक आली. ‘आत काय चाललंय गं? आवाज कसला तो?’

‘काही नाही आई,’ युनी म्हणाली. ‘पातेलं निसटलं.’ ती खाली बसली, तिने पातेलं आपल्याकडे ओढलं आणि मान खाली घालून घासायला लागली. डोळ्यांतलं पाणी टपटप पातेल्यात पडत होतं, पण हात थांबला नाही.

शिव्या दिल्या असत्या तर रुमियातीने सोसल्या असत्या. एक मुस्कटात दिली असती तर बरंच झालं असतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आपल्याला लाज वाटेल याची वाट बघत राहिली. लाज वाटलीही, पण मागाहून. आधी वाटला तो हेवाच, आता तिच्या चांगुलपणाचा.