नावं टिपायला लातूरला

नियम करण्याची मला पहिल्यापासून खोड. नांदेडला शाळेत गणित शिकवतो, त्यामुळेही असेल. नांदेड आणि लातूर या आमच्या दोन जिल्ह्यांतल्या, बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ खेळणाऱ्यांच्या संघटनेचा मी चिटणीस झालो आणि पहिल्याच बैठकीत नियम लिहून टाकला: संघटनेची मान्यता नसलेल्या स्पर्धेत जो खेळेल, त्याच्यावर वर्षभर बंदी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तर देशाची घटना लिहिल्यासारखं वाटलं.

नियमाचा रोख लातूरच्या शेठवर होता. फर्निचरचं दुकान, कपाळावर भस्म, बोलणं मऊ आणि हट्ट दांडगा. दरवर्षी मंगल कार्यालयात सहा टेबलं मांडून ते स्पर्धा भरवत. पण कोण कोणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या घरी बसून काढत, आणि पहिल्या फेरीत लातूरकरांच्या वाट्याला नेमके कच्चे खेळाडू येत. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा, असं पत्र आम्ही दिलं.

"टेबलं माझी, हॉल माझा, जेवण माझं. मग नियम तुमचे कशाला हो?" शेठ फोनवर म्हणाले.

आम्ही त्यांची मान्यता काढून घेतली. तरी कोण कोण खेळतंय ते टिपून घ्यायला मी रविवारी सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं. हॉलच्या दारातच जळकोटचा वायरमन दिसला, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला खडू लावत. त्याच्यासारखा हात आमच्याकडे दुसऱ्या कोणाचा नाही. राज्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती आणि चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला ती बहुधा शेवटचीच संधी होती. बंदी आली की निवड हुकली. मी वही काढली आणि त्याचं नाव लिहिलं.

"लिवा सर," तो म्हणाला. "पण तुमची स्पर्धा दोनदा पुढं ढकलली. मला सुट्टी मिळाली ती हा एकच रविवार. खेळावं तरी कुठं?"

मी आत गेलो. कोपऱ्यात खुर्ची ओढून बसलो. टेबलांवरचं कापड कोरं करकरीत होतं, बॉल नुसता पळत होता. नांदेडच्या क्लबात आम्ही ठिगळं चुकवत खेळतो. एवढ्यात शेठ आले. उदगीरचा एक खेळाडू आलाच नव्हता. "एक गडी कमी पडून राहिलाय सर. खेळता का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "क्यू कोणाचा घेऊ?"

दोन सामने जिंकलो, तिसरा हरलो, पोटभर जेवलो. परतीच्या एसटीत अहमदपूरच्या आसपास लख्ख कळलं, आपण काय करून बसलो ते.

पुढच्या रविवारी बैठकीत यादी वाचली. सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव वाचलं. अध्यक्ष, म्हणजे आमचे वकीलसाहेब, हसले. "अहो, तुम्ही संघटनेच्या कामाला गेला होता. तुमचं सोडा. वायरमनचं कायम ठेवू."

माझं डोकंच फिरलं. "त्याचं कायम तर माझंही कायम! मला मोह आवरला नाही, मग त्यानं का आवरावा? आणि आपली स्पर्धा दोनदा पुढं ढकलली कोणी? आपणच ना, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरून भांडून!"

 मग मागून एकानं हात वर केला. "मी बी खेळलोय, उदगीरला. मान्यता नव्हती त्येला." पाठोपाठ आणखी तीन हात वर झाले. सगळ्यांवर बंदी घातली असती तर बैठक घ्यायलाही माणूस उरला नसता.

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि तिथूनच शेठना फोन केला. अर्धा तास रुसवेफुगवे झाले. शेवटी ठरलं की चिठ्ठ्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत निघतील, तारखा दोघांनी मिळून ठरवायच्या, आणि आजवरच्या साऱ्या बंद्या रद्द.

मी लगेच वायरमनला फोन लावला. "बंदी उठली. निवडीला ये."

 तो म्हणाला, "सर, एक इचारू? माझं नाव लिवताना तुमाला काय वाटलं?"

खोटं बोलता आलं असतं. "काहीच वाटलं नाही रे," मी म्हणालो. वाटायला हवं होतं ते आता वाटत होतं, आठवडाभर उशिरा. 

"आसू द्या," तो म्हणाला. "निवडीला कितीला पोचू, तेवढं सांगा."