वरच्या आळीतलं कुंकू

पस्तीस वर्षं मी कॉलेजात झूलॉजी शिकवलं. टेबलावर बेडूक उघडून ठेवायचा आणि पोरांना सांगायचं — दिसतं तेवढंच वहीत लिहा, मनाचं काही घुसडू नका. तेव्हा या सदरात माझं लिखाण बघून माझे जुने विद्यार्थी कपाळावर हात मारून घेतील, हे मला ठाऊक आहे. घेऊ देत. भूतखेत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याला मी आयुष्यभर 'थोतांड' हा एकच शब्द वापरला, आजही वापरते. फक्त एक गोष्ट त्या शब्दात बसत नाही, आणि आता वय असं झालंय की ती सांगून टाकलेली बरी.

काळ सत्तरच्या दशकाच्या मध्याचा. मोठा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी मूळची श्रीरामपूरची, ख्रिश्चन घरातली, आणि नगरच्या एका कॉलेजात नुकतीच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. लग्न व्हायचं होतं. आमचे विभागप्रमुख — नाव देत नाही, सर म्हणू — आफ्रिकेत मेहुण्याकडे जाऊन आले होते. तिकडे समुद्रकाठच्या पाणथळीतून म्हणे पायी दौरे काढतात. चार-चार दिवस. पुढे वाटाड्या, मागे सगळे एका ओळीत. बोलायचं नाही, ओळ मोडायची नाही, वाटाड्याचा शब्द शेवटचा. पाणघोडे, मगरी, पक्ष्यांचे थवे... ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

मग सरांच्या डोक्यात आलं, आपल्याकडे तरी काय कमी आहे? पैठणला गोदावरी अडवली होती आणि शेवगाव तालुक्यात धरणाचा फुगवटा नुकता कुठे चढायला लागला होता. नवं पाणी, नवा गाळ. थंडीत तिथे बदकं आणि चक्रवाक उतरताहेत अशी बातमी होती. सरांनी तीन दिवसांचा दौरा आखला. माणसं चारच — सर, त्यांची बायको (मी त्यांना वहिनी म्हणायचे, मी एकटी मुलगी म्हणून त्या सोबतीला आल्या), मी, आणि वाटाड्या कोंडिबा.

कोंडिबामामा साठीचे असतील. काटक, कमी बोलणारे, हातात बाभळीची काठी. त्यांचं गाव पाण्यात गेलेलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं आता माळावरच्या नव्या गावठाणात आहेत, त्यांना उगाच ताप नको. मामा मात्र नव्या गावठाणात टिकत नव्हते. रोज उठून पाण्यात चालत जायचे, म्हणून तर सरांना ते सापडले.

पहिल्या दिवशी पाण्याच्या कडेकडेने सात-आठ मैल झाले. अर्ध्या बुडालेल्या बाभळी, पाण्याखाली कुजणारी उसाची खोडं, आणि पाऊल टाकलं की पिंढरीपर्यंत राड. संध्याकाळी एका शाळेच्या व्हरांड्यात पिठलं-भाकरी खाताना वहिनींनी सहज विचारलं, "मामा, घरी कोण कोण असतं?"

"कुनी न्हाई," ते म्हणाले. "मालकीन हुती. सोना."

मग त्यांनी सांगितलं. गाव उठलं त्या दिवशी दारं, चौकटी, पत्रे, सगळं काढून गाडीत भरलं होतं. सोनाबाई म्हणाली, देवापुढं दिवा लावून येते. ती आत गेली. मामा बैलांना धरून उभे राहिले, उभे राहिले... शेवटी आत जाऊन बघतात तर नुसती भिताडं.

"विहिरी बघितल्यात?" सर म्हणाले.

"समद्या हिरींत गळ टाकलं. पाथर्डीला तिच्या म्हायेरी जाऊन आलो. ऊसतोडीच्या टोळ्यांमागं हिंडलो, कोप्या-कोप्यांत इचारलं. कुनी म्हनतं हितं दिसली, कुनी म्हनतं तितं." भाकरीचा तुकडा त्यांनी तसाच हातात धरला होता. "भाऊबंद म्हनत्यात दहावं करून टाक, वरीस झालं. आवं, जित्या मानसाचं दहावं कसं करू? आन मेली आसंल तर तिला तशीच ठिवू का? ती हाय का न्हाई, येवढं कुनीतरी सांगावं. बास."

मी मनात म्हटलं, बाई कंटाळून पळून गेली असणार. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या गावात शिरलो. शिरलो म्हणजे काय, समोर नुसतं पाणी. गावाची खालची बाजू खोल बुडालेली, वरच्या आळीत मात्र जेमतेम गुडघाभर. भिंती विरघळून गाळ झालेल्या, वर एक वीट दिसत नव्हती. चपला गळ्यात अडकवून, साड्या खोचून आम्ही ओळीने निघालो — पुढे मामा, मग सर, मग वहिनी, शेवटी मी.

मोकळ्या पाण्यात मामा नीट चालत, मध्येच काटकोनात डावीकडे वळत, वीस पावलं जात, पुन्हा उजवीकडे. "हितं हिरी हायेत, माज्या मागंच यायचं," त्यांनी आधी बजावलं होतं. ते मला पटत होतं. पण विहिरी काही पावलोपावली नसतात. हा माणूस सरळ सरळ बोळातून चालत होता, नसलेल्या घरांना वळसे घालत होता. एकदा तर त्यांनी सरांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. "तितून नगं सायेब, कुनाच्या घरातनं जातंय का मानूस?"

अकराचा सुमार. लख्ख ऊन. पाय गारठून दगड झाले होते आणि मामांनी आणखी एक लांबलचक वळसा घेतला. ती तिघं इंग्रजी यू काढून समोरच येणार होती, माझ्यापासून पंधरा पावलांवर. पाण्यात कसली आलीय आळी, असं पुटपुटत मी ओळ मोडली आणि सरळ आडवी निघाले.

आता दिसलं-जाणवलं तेवढंच लिहिते. पाच-सहा पावलं गाळ होता. मग पायाखालचा गाळ संपला. तळव्यांना सारवलेली जमीन लागली, गुळगुळीत आणि कोरडी. मी खाली बघितलं तर पाणी गुडघ्यापर्यंत होतंच, पण तळवे कोरडे. बदकांचा सकाळपासूनचा कलकलाट थांबला. चुलीतल्या गोवरीच्या धुराचा वास आला. मी पुढे पाऊल टाकायला गेले आणि माझ्या दोन भुवयांच्या मध्ये कुणीतरी बोट टेकवलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, जरा दाबून.

"नको हो," मी म्हणाले, "आमच्यात लावत नाहीत."

लग्नाकार्यात शेजारणींना म्हणायची सवय, तसं तोंडातून गेलं. मग माझाच आवाज माझ्या कानावर आला. पुढच्या क्षणी पाय पुन्हा गार गाळात होते, बदकं ओरडत होती आणि मी धडपडत समोरच्या तिघांपर्यंत पोचले होते.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "हे कुणी लावलं तुला?"

मी कपाळाला हात लावला. बोटं लाल झाली. वहिनींच्या आरशात बघितलं — आधी हळदीचं बोट, त्यावर कुंकू, व्यवस्थित, बाया दारातून निघणाऱ्या पाहुणीला लावतात तसं. वहिनी मेणावर पिंजर लावायच्या, तिचा रंग वेगळा. आणि त्या माझ्या पुढे होत्या, जवळही आल्या नव्हत्या. सर म्हणाले, "पाण्यात काही रंग असेल..." आणि वाकून ओंजळभर पाणी उन्हात धरून बघितलं.

मामा जवळ आले. त्यांनी आवाज चढवला नाही. "बाई, तुमी आमच्या घरातनं आला. आत कोन हुतं?"

"कुणी नव्हतं, मामा."

"मंग नको कुनाला म्हनला?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण निरीक्षण आहे तसं सांगायचं, ही माझी घमेंड. मी त्यांना सगळं क्रमाने सांगितलं — जमीन, धूर, बोट. बोट कसं होतं तेसुद्धा. "बोटाला नख नव्हतं. टोकाला बोथट होतं, घट्टा पडल्यासारखं."

मामा काठीवर भार टाकून उभे राहिले. मग म्हणाले, "ज्वारी काढताना इळ्यानं तिच्या बोटाचं पेर गेलं हुतं. त्याच बोटानं लावायची. मोकळ्या कपाळानं एक बाई कंदी जाऊ दिली न्हाई तिनं." आणि मग, "आनखी काय, बाई?"

"आणखी काही नाही," मी म्हटलं.

ते कुंकू मी तिथेच पुसायला गेले तर त्यांनी हात जोडले. "ऱ्हाऊ द्या. आजचा दिस." मी राहू दिलं. त्या संध्याकाळी आम्ही माळावरच्या एका वस्तीवर टेकलो. मामा पोटभर जेवले, वर्षभराने जेवल्यासारखे. दहाव्याला तुम्ही तिघं यायचं, असं आग्रहाने म्हणाले. आता मोकळा झालो, म्हणाले. मला फार बरं वाटलं. भीती होती, पण कुणाच्या तरी जिवाचा घोर आपल्यामुळे मिटला याचा आनंदही होता, तो कबूल करते.

तिसऱ्या दिवशी वाट वळून पुन्हा त्या गावाच्या वरच्या अंगाला आली. एस.टी.चा थांबा तिथल्या मुरमाड चढावर होता, खाली पाणी पसरलेलं. मामांनी आमच्या पिशव्या थांब्यावर नेऊन ठेवल्या. मला म्हणाले, "बाई, तुमचं लई उपकार झालं. वरीसभर तिला यकटीला ठिवलं म्या." आणि उतार उतरून पाण्यात शिरले.

रोजच जातात, म्हणून कुणी अडवलं नाही. सरांची दुर्बीण माझ्याकडे होती, मी उगाच त्यांच्यावर धरली. गुडघाभर पाण्यातून ते सरळ गेले. डावीकडे वळले. वीसेक पावलांनी उजवीकडे. मग थांबले, काठी बाजूला टेकवल्यासारखी केली, पाय एकमेकांवर घासून धुतले. आणि ठेंगण्या दारातून आत जाताना माणूस वाकतो तसे मान खाली घालून वाकले.

वर आले नाहीत.

मी दुर्बीण हलवली नव्हती. डोळ्याची पापणीही लवली नसेल. सर धावत गेले, मागून मी. कालच मी उभी होते त्याच जागी मी पुन्हा उभी होते आणि पाणी माझ्या गुडघ्याच्या वर चढत नव्हतं. तिथे विहीर नव्हती, खड्डा नव्हता. दुपारपर्यंत नव्या गावठाणातली माणसं आली, काठ्यांनी सगळी आळी चाचपली, गळ टाकले. काठीसुद्धा मिळाली नाही. पोलिसांनी पाय घसरून बुडाल्याचं लिहून घेतलं. पुढे पावसाळ्यात पाणी पुरुषभर वर चढलं आणि शोधायला जागाच उरली नाही.

दहावं दोघांचं एकत्रच केलं, त्यांच्या पुतण्याने. मी गेले होते. एका कडेला उभी राहिले.

सरांनी पुन्हा कधी पायी दौरा काढला नाही आणि या विषयावर माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी सगळे मार्ग तपासले आहेत. थंडीने बधिर झालेले तळवे, उन्हाची झापड, वहिनींची पिंजरीची डबी, सगळं. यातल्या कशानेही गुडघाभर पाण्यात माणूस नाहीसा होत नाही. मला याचं उत्तर माहीत नाही, आणि आता माहीत होईल असंही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मी सरांना, पोलिसांना, माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. मामांनी "आनखी काय, बाई?" विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मी "नको हो" म्हटल्यावर कानाशी एका बाईचा आवाज आला होता. अगदी जवळून, हलक्या आवाजात, बाया आपसात बोलतात तसा. कपाळावर कुंकू होतं, त्याला पुरावा होता. आवाजाला पुरावा नव्हता, आणि सरांसमोर हसं होईल म्हणून तेवढं मी गाळलं.

"त्यास्नी सांगू नगा, बाई," ती म्हणाली होती. "ते येत्याल."