टेलचं पाणी

दौंडला शुगरच्या डॉक्टरांकडं मी नंबर लावून बसले होते. चपलेत खडा रुतून करंगळीला जखम झाली, तरी मला कळलंसुद्धा नव्हतं. आता बोट राहतंय का जातंय, हीच धास्ती.

शेजारी पाटसकडचे एक आबा होते. कालव्याचं पाणी वाटण्यात जन्म गेलेला. नाव मी विचारलं नाही. ते पायाचं एकेक नख दाबायचे, वाकून बघायचे आन् पुटपुटायचे, "पोचलं."

"काय पोचलं, आबा?"

"टेलला पाणी! टेल म्हंजी कालव्याचं शेवटचं टोक. नख दाबलं की पांढरं, सोडलं की लाल झालं पायजे. बोटात रक्ताच्या केसाहून बारीक नळ्या असत्यात. शुगर त्याच बिघडवती."

"माझं काळीज ठणठणीत हाय. कार्डिओग्राम चांगला आलाय."

"व्हय, कालवा चांगला हाय तुमचा. टेल दाखवा."

चारचौघांत लाजतच पाय पुढं केला. त्यांनी अंगठ्याचं नख दाबून सोडलं.

"येतंय, पण रमतगमत. डॉक्टरला सांगा. आन् घरी पाय शेकू नका, बाई. भाजलेलं कळायचं न्हाई."

मी तर रोज गरम पाण्यात पाय घालून बसत होते!

डॉक्टरांनीही तेच बजावलं. औषध-पट्टी महिनोन्महिने चालली, पण बोट वाचलं.

आबा पुन्हा भेटले नाहीत. आता रोज सकाळी मी नखं दाबत बसते. सून आतून विचारते, "आत्या, पोचलं का टेलला?"

"पोचलं गं," म्हणते, तवा कुठं बिनसाखरेचा चहा मिळतो.