डेंगळे न आलेले कांदे

कार्तिकातल्या एका सोमवारी माझा थोरला भाऊ खळ्यावर भात झोडताना पडला आणि वारला. मी तेव्हा अलिबागेला शाळेत शिकवत होतो; कळताच गावी आलो.

आमचा पांढरा कांदा त्यानेच राखला होता. बारीक मानेचे, गोड कांदे निवडून तो त्यांची वेणी बांधी आणि छपराच्या उत्तरेकडच्या पाख्याखाली, बाहेर गारव्यात टांगून ठेवी. भात निघालं, थंडी पडली की ते कांदे वाफ्यात लावी. त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले की त्यांतलं बी धरी. त्या वर्षी सुतकात रोप टाकायचं राहिलं, बी गाडग्यातच पडून राहिलं. कांद्याचं बी वर्षापलीकडे टिकत नाही. त्याचं वाण उरलं ते त्या एका वेणीत.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तेंचं बियाणं तेवढं राखा. मला दुसरं काय नको."

मी हो म्हटलं.

भावकीतले म्हणाले, "तिसरं मासिक श्राद्ध होऊ दे, मग लावा." मी वाद घातला नाही. दवाने कांदे कुजतील म्हणून वेणी मात्र आत आणून चुलीवर टांगली. कांदे छान टिकले. माघ संपताना ते लावले.

पात जोमाने आली. दिवस मोठे होत गेले, ऊन तापलं. शेजाऱ्यांच्या वाफ्यात डेंगळ्यांवर पांढरे गोंडे फुलले, मधमाश्या आल्या. आमच्याकडे नुसती पात.

"मास्तर, पोथी बघून लावलेत काय?" शेजारी बांधावरून हसले. वहिनींना पाहून आपल्या वाफ्याकडे वळले.

वहिनी रोज एकेका रोपाची पात बोटांनी उकलून पाहत. "एखादा तरी हाय का, भावजी?"

"नाही, वहिनी."

डेंगळ्यांची वाट पाहत कांदे वाफ्यातच राहिले आणि पावसात कुजले. गाडग्यातलं जुनं बी पुढच्या हंगामात टाकून पाहिलं, उगवलं नाही.

पुढे शेतीच्या एका पुस्तकात वाचलं. कांद्याला काही आठवडे थंडी लागल्याशिवाय फूल धरत नाही. उबेत राहिला आणि दिवस लांबले, की तो पुन्हा गड्डाच धरू पाहतो. भावाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी ते पान वहिनींना वाचून दाखवलं नाही. चुलीवर वेणी मीच टांगली होती, हे त्यांना माहीत होतं.

आता आमच्या वाफ्यात शेजाऱ्यांच्या बियाण्याचा कांदा होतो. भावाचं बियाणं नाही.